मिलर यांच्या ईथर-वाऱ्याचा हिशेब : एका पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२४

आमच्या विज्ञान अभ्यासमंडळाने सापेक्षता सिद्धान्ताच्या विरोधकांवर एक छोटी मराठी पुस्तिका काढायचे ठरवले आहे आणि तिचे लेखन माझ्याकडे आले आहे. पहिल्या बैठकीत विषयांची यादी फार लांबली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे माजी अध्यक्ष हर्बर्ट डिंगल यांनी घड्याळांच्या प्रश्नावरून अखेरपर्यंत केलेला वाद, १९५५ मध्ये पहिले उपयोगी सीझियम अणुघड्याळ बनवणाऱ्या लुई एसेन यांनी १९७१ मध्ये त्याच सिद्धान्तावर लिहिलेली टीका, १९३१ मध्ये लाइपत्सिगला निघालेले शंभर लेखकांचे आइन्स्टाइनविरोधी पुस्तक, असे बरेच काही त्यात होते. या सगळ्यांचा समाचार एका पुस्तिकेत घ्यायचा तर प्रत्येकाच्या वाट्याला एक परिच्छेद येईल, आणि परिच्छेदभर उत्तराने कोणाचेही समाधान होत नाही.

म्हणून एकच प्रकरण घ्यायचे ठरवले : डेटन मिलर यांचे ईथर-वाऱ्याचे प्रयोग. ईथर म्हणजे प्रकाश ज्यातून प्रवास करतो असे पूर्वी मानले जाई ते सर्वव्यापी माध्यम; पृथ्वी त्यातून जाताना जो प्रवाह जाणवायला हवा, तो ईथर-वारा. सापेक्षता सिद्धान्तानुसार असा वारा दिसता कामा नये. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत सापेक्षतेचा कोणी विरोधक उभा राहिला, तर बहुतेक वेळा त्याच्या बोलण्यात मिलर यांचे नाव येते. त्यावर आमच्या बाजूचे वक्ते साधारणपणे म्हणतात, ‘ते प्रयोग चुकीचे होते, हे केव्हाच सिद्ध झाले आहे.’ कसे सिद्ध झाले, असे विचारल्यावर मात्र सभागृहात शांतता पसरते. ही शांतता पुस्तिकेने भरून काढावी, एवढाच माझा हेतू आहे.

१४ जुलै २०२४

आज पायाभूत आकडे जुळवले. १८८७ मध्ये क्लीव्हलँड येथे मायकेल्सन आणि मोर्ली यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे बसवले होते. प्रकाशकिरण दोन भागांत विभागून परस्परांशी काटकोनात पाठवायचे, आरशांवरून परत आणून एकत्र करायचे आणि त्यातून दिसणाऱ्या उजळ-काळ्या व्यतिकरण पट्ट्या उपकरण फिरवताना सरकतात का ते पाहायचे, अशी ही रचना होती. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी वेगाने फिरते. ती स्थिर ईथरमधून जात असेल, तर दोन्ही दिशांच्या प्रवासांना लागणाऱ्या वेळांत फरक पडायला हवा आणि उपकरण ९० अंशांतून फिरवल्यावर पट्ट्या सरकायला हव्यात.

किती सरकायला हव्यात, हे वाचकाला स्वतः काढता आले पाहिजे. प्रकाशाचा एका बाजूचा मार्ग ११ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २२ मीटर. हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०·५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली, तर या मार्गात सुमारे ४ कोटी तरंग मावतात. पृथ्वीचा वेग प्रकाशवेगाच्या एक दशसहस्रांश आहे आणि त्याचा वर्ग एक भागिले दहा कोटी. दोहोंचा गुणाकार ०·४ पट्टी, म्हणजे लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या ०·४ एवढी सरक. प्रत्यक्षात दिसलेला फरक याच्या विसाव्या भागाहूनही कमी होता.

मिलर यांच्या उपकरणात हाच मार्ग ३२ मीटरपर्यंत वाढवलेला होता. जाऊन-येऊन ६४ मीटर, म्हणजे मिलर यांच्या प्रकाशाच्या सुमारे ०·५७ मायक्रॉन तरंगलांबीने ११ कोटी २० लाख तरंग, आणि अपेक्षित सरक १·१२ पट्टी. पुढच्या सगळ्या हिशेबात हा आकडा पुन्हा पुन्हा लागणार असल्यामुळे तो पहिल्याच पानावर चौकटीत द्यायचा आहे.

२८ जुलै २०२४

मिलर यांची ओळख लिहून झाली. तिचा सूर ठरवण्यात वेळ गेला. पहिल्या आराखड्यात कोणीतरी त्यांच्यासाठी ‘छद्मवैज्ञानिक’ असा शब्द घातला होता. तो मी काढून टाकला. मिलर हे केस स्कूल ऑफ ॲप्लाइड सायन्समधील प्राध्यापक, ध्वनिशास्त्रातील मान्यवर, अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीचे सदस्य आणि १९२५-२६ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी जमवलेला बासऱ्यांचा प्रचंड संग्रह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. अशा माणसाला दोन शब्दांत निकालात काढणारा लेखक वाचकाचा विश्वास पहिल्याच पानावर गमावतो.

मोर्ली यांच्याबरोबर १९०२ ते १९०५ या काळात त्यांनी पहिले प्रयोग केले. १९२१ मध्ये ते उपकरण घेऊन कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर गेले. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर आहे. ईथर पृथ्वीबरोबर काही प्रमाणात ओढला जात असेल, तर डोंगरावर तो कमी ओढला जाईल आणि वारा अधिक जाणवेल, अशी त्यांची अपेक्षा होती. १९२५च्या एप्रिल, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये व १९२६च्या फेब्रुवारीत त्यांनी मोजमापांचे चार मोठे टप्पे केले.

ही मोजमापे कशी होत, हे बारकाईने लिहायला हवे, कारण पुढची सगळी चर्चा त्या कृतीवरच उभी आहे. पोलादी चौकट पाऱ्यावर तरंगत सावकाश फिरत राही. निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून तिच्याबरोबर गोल चालत असे. परिघावरील सोळा खुणांपैकी प्रत्येक खुणेपाशी पट्टीचे स्थान एक-दशांश पट्टीपर्यंत अंदाजून तो मोठ्याने सांगे आणि सहायक ते लिहून घेई. वीस फेऱ्यांचा एक संच, म्हणजे ३२० वाचने. अशी दोन लाखांहून अधिक वाचने मिलर यांनी घेतली. पट्ट्या फार सरकल्या, तर मध्येच थांबून उपकरण पुन्हा जुळवून घ्यावे लागे. अंधाऱ्या झोपडीत, पाऱ्याच्या कुंडाभोवती, रात्री-अपरात्री हे काम करणाऱ्या माणसाच्या चिकाटीबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

निष्कर्ष असा : अपेक्षित ३० ऐवजी सुमारे १० किमी प्रतिसेकंद एवढा वारा दिसतो. हा आकडा शून्य नव्हता, आणि मिलर यांच्या मते तो दिवसातील वेळेनुसार आणि ऋतूनुसार पद्धतशीरपणे बदलत होता.

११ ऑगस्ट २०२४

त्या काळातील प्रतिक्रियांचे प्रकरण अपेक्षेपेक्षा लवकर झाले. मे १९२१ मध्ये मिलर यांच्या निष्कर्षांची वार्ता प्रिन्स्टनमध्ये आइन्स्टाइन यांच्या कानी आली, तेव्हा त्यांनी काढलेले उद्गार आज सर्वत्र उद्धृत होतात. ईश्वर गूढ असेल, पण तो कपटी नाही, असा त्यांचा आशय होता. ते वाक्य सुंदर आहे. मिलर यांच्या आकड्यांना ते उत्तर मात्र नाही. त्याच महिन्यात आइन्स्टाइन क्लीव्हलँडला जाऊन मिलर यांना भेटले, आणि तापमानातील अगदी सूक्ष्म फरक हे या निष्कर्षांचे कारण असू शकेल, असे ते पुढे पत्रांतून सांगत राहिले, ही माहिती मला अधिक मोलाची वाटते. मिलर खरे ठरले तर आपला सिद्धान्त कोसळेल, हेही त्यांनी १९२५ मध्ये उघडपणे मान्य केले होते. आपला सिद्धान्त कशाने पडेल हे आधीच सांगून ठेवण्याची ही तयारी पुस्तिकेत ठळकपणे यावी.

फेब्रुवारी १९२७ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेत मायकेल्सन, लोरेन्ट्झ, मिलर आणि केनेडी हे भौतिकशास्त्रज्ञ समोरासमोर बसले. त्या सुमारास इतरांचे प्रयोगही आले. केनेडी यांनी हेलियम भरलेल्या बंद पेटीत प्रयोग केला. पिकार आणि स्टाहेल यांनी १९२६ मध्ये उपकरण बलूनमधून वर नेले आणि पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधील रिगी पर्वतावर. इलिंगवर्थ यांचा प्रयोग १९२७ चा, तर येना येथे योस यांनी केलेला १९३० चा. मिलर यांचा वारा कोणालाही सापडला नाही.

बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी विषय इथेच सोडला. त्यांचे म्हणणे व्यवहारात बरोबर होते, पण मिलर यांच्या दोन लाख वाचनांत नक्की काय दडले होते, हा प्रश्न तसाच राहिला. १९३३ मध्ये मिलर यांनी आपला सविस्तर निबंध प्रसिद्ध केला, १९४१ मध्ये ते वारले, आणि त्यांच्या आकड्यांची पद्धतशीर फेरतपासणी रॉबर्ट शँकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली ती १९५५ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत विरोधकांना जी मोकळी जागा मिळाली, तिची जबाबदारी काही अंशी आपल्याच बाजूकडे जाते, असे माझे मत आहे. मंडळातील एक-दोघांना हे वाक्य कडक वाटले; ते मी ठेवले आहे.

२५ ऑगस्ट २०२४

आज तापमानाचा हिशेब केला. ‘तापमानामुळे झाले असेल’ हे वाक्य आकड्याशिवाय लिहिले, तर ते पळवाटच वाटते.

हवेचा अपवर्तनांक (हवेत प्रकाश किती मंदावतो याचे माप) १ पेक्षा सुमारे ०·०००२९ ने जास्त असतो. हा जास्तीचा भाग हवेच्या घनतेच्या प्रमाणात असतो आणि ठरावीक दाबाला घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून नेहमीच्या तापमानाला हवा एक अंशाने तापली, तर अपवर्तनांक सुमारे एक-दशलक्षांशाने घटतो. ६४ मीटरच्या मार्गावर याचा परिणाम ६४ मायक्रॉन, म्हणजे शंभराहून अधिक पट्ट्या. डोंगरावरच्या विरळ हवेसाठी यातून थोडे वजा करावे लागेल, पण कोटी बदलत नाही. याचा अर्थ असा की एका बाजूची हवा दुसरीपेक्षा सरासरीने अंशाच्या एक-सहस्रांशाने जरी उबदार असेल, तरी पट्टी एक-दशांशाने सरकते. मिलर यांचा संपूर्ण ‘वारा’ एवढाच होता.

यावर एक रास्त शंका उरते : ईथरचा परिणाम एका फेरीत दोनदा यायला हवा, तापमान तसे का वागेल? खोलीतील एकच भिंत उबदार असेल, तर तिचा मुख्य परिणाम फेरीत एकदाच होईल. परंतु समोरासमोरच्या दोन भिंती उरलेल्या दोन भिंतींपेक्षा किंचित उबदार असतील, तर उपकरणाची प्रत्येक भुजा, म्हणजे प्रकाशमार्गाची प्रत्येक बाजू, फेरीत दोनदा उबदार पट्ट्यातून जाते आणि परिणाम नेमका दोनदा येतो. मिलर यांनी १९२३ च्या सुमारास क्लीव्हलँडमध्ये विजेच्या शेगड्या ठेवून चाचण्या केल्या होत्या आणि उष्णतेचा परिणाम आपल्या निष्कर्षांचे कारण नाही, असे त्यांचे मत झाले होते. समर्थक याच चाचण्यांचा आधार घेतात. मात्र एका जागी ठेवलेल्या शेगडीची चाचणी आणि उन्हाने दिवसभर तापलेल्या व रात्री निवत जाणाऱ्या झोपडीतील सहस्रांश अंशांचे विभाजन, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अशा विभाजनाचे मोजमाप मिलर यांच्या तापमापकांच्या आवाक्यातच नव्हते.

८ सप्टेंबर २०२४

पुस्तिकेबरोबर द्यायची स्प्रेडशीट तयार झाली. माझ्या दृष्टीने या प्रकल्पाचा गाभा हाच आहे, म्हणून ही नोंद लांबणार.

मिलर यांची आकडे हाताळण्याची रीत त्यांच्या १९३३ च्या निबंधात नमुना-तक्त्यासह छापलेली आहे. वीस फेऱ्यांची वाचने एकाखाली एक मांडायची आणि प्रत्येक खुणेच्या रकान्याची सरासरी काढायची. फेरीच्या आरंभी आणि अखेरीस एकाच खुणेवर येणाऱ्या सरासऱ्यांत फरक असतोच, कारण पट्ट्या सतत एका बाजूला सरकत असतात. ही सरक फेरीभर एकसारख्या गतीने झाली असे गृहीत धरून ती सरळ रेषेने वजा करायची. मग पहिल्या अर्ध्या फेरीतील आठ सरासऱ्या दुसऱ्या अर्ध्या फेरीतील आठ सरासऱ्यांशी जोडून पुन्हा सरासरी घ्यायची, कारण ईथरचा परिणाम अर्ध्या फेरीत पूर्ण होतो. शेवटी उरलेल्या वक्रातून लाट काढायची. या कामासाठी मिलर यांच्याकडे ध्वनितरंगांच्या पृथक्करणाचे यांत्रिक साधन होते आणि ते वापरण्यात त्यांचा हातखंडा होता.

स्प्रेडशीटमध्ये मी ईथर घातलाच नाही. पट्टीचे स्थान प्रत्येक वाचनाला मागच्या स्थानापासून यदृच्छेने थोडे पुढे किंवा मागे सरकते, एवढाच नियम ठेवला. उपकरण सावकाश तापते, निवते, ताण घेते आणि सोडते. आत्ताची पट्टी कुठे आहे हे मघाची कुठे होती यावर अवलंबून असते, म्हणून हा नियम वस्तुस्थितीच्या जवळचा आहे. अशी ३२० वाचने तयार करून मिलर यांच्या रीतीने सरासऱ्या घेतल्या, सरळ रेषा वजा केली, अर्ध्या फेऱ्या जोडल्या. वीसपैकी कोणत्याही एका फेरीत डोळ्याला काही दिसत नाही. सगळे संस्कार झाल्यावर मात्र एक चढ आणि एक उतार असलेली सुबक लाट बहुतेक वेळा पडद्यावर येते. कळ दाबून नवे यदृच्छ आकडे घेतले की लाट पुन्हा येते. फक्त तिची उंची आणि शिखराची दिशा बदलते.

कारण समजल्यावर यात चमत्कार राहत नाही. अशा भटकत्या सरकेत संथ चढउतार मोठे असतात आणि जलद चढउतार लहान. सरळ रेषा वजा केल्याने सर्वांत संथ भाग जातो. अर्ध्या फेऱ्या जोडल्याने फेरीत एकदा येणारी लाट जाते. उरलेल्यांत सर्वांत संथ, म्हणून सर्वांत मोठी, लाट कोणती? फेरीत नेमकी दोनदा येणारी. ईथर शोधण्यासाठी बनवलेल्या गाळणीतून केवळ गाळही ईथरच्या आकाराचा होऊन बाहेर पडतो. भौतिकशास्त्रज्ञ टॉम रॉबर्ट्स यांनी २००६ मध्ये मिलर यांच्या मूळ तक्त्यांवर हेच दाखवून दिले. शिवाय सरक फेरीभर एकसारखी असते हे गृहीतक त्या तक्त्यांना लागू पडत नाही, आणि त्रुटींच्या सीमा (मोजमाप किती चुकू शकते याच्या मर्यादा) काढल्या तर मिलर यांचा परिणाम त्यांच्या आत सामावून जातो, असेही त्यांनी दाखवले. मिलर यांच्या काळात भौतिकीच्या निबंधात त्रुटिसीमा न देणे हे फार विचित्र मानले जात नव्हते. त्यामुळे वक्र किती सुबक दिसतो यालाच पुराव्याचे वजन मिळाले.

मंडळातील संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका शीट पाहून म्हणाल्या, ‘वाचकाला आधी ईथर आहे असे सांगा, मग नाही म्हणून सांगा. लाट दोन्ही वेळा त्याच विश्वासाने दिसेल.’ ही सूचना मी शीटच्या मांडणीत घेतली आहे. पहिल्या पानावर ईथर ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोन पर्याय आहेत, आणि कोणता पर्याय कुठला ते दुसरे पान उघडेपर्यंत कळत नाही.

१५ सप्टेंबर २०२४

छोटी नोंद, पण महत्त्वाची. पट्टीची सरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून सरकेवरून वेग काढताना वर्गमूळ घ्यावे लागते, आणि वर्गमूळ लहान आकड्यांना फुगवते. मिलर यांच्या उपकरणावर एक-दशांश पट्टीची सरक म्हणजे सेकंदाला सुमारे ९ किमी. त्याच्याही एक-दशांश, म्हणजे एक-शतांश पट्टी, इतकी क्षुल्लक सरक असली तरी वेग जवळजवळ ३ किमी निघतो. डोळ्याने वाचायचे एक-दशांशापर्यंत आणि वेग मोजायचा तो असा! शिवाय लाटेची उंची नेहमी धनच असते. निव्वळ गोंधळातूनही वेग कधी शून्य येत नाही. माझ्या शीटमध्ये दोन लागोपाठच्या वाचनांतील सर्वसाधारण सरक ०·२ पट्टी ठेवली, की ईथरविना सरासरी ‘वारा’ सेकंदाला सुमारे ६ किमी येतो आणि ती निम्मी केली तरी ४ किमीच्या वर राहतो. हा ०·२ आकडा मी निवडलेला आहे. तो बदलण्यासाठी वाचकाला वेगळी चौकट दिली आहे.

‘मिलर यांना शून्य कधीच मिळाले नाही’ हे समर्थकांचे आवडते वाक्य आहे. या रीतीने ते कोणालाच मिळाले नसते.

२९ सप्टेंबर २०२४

मसुद्याची एक प्रत मी मुद्दाम अशा गृहस्थांना दिली होती, जे अनेक वर्षे मिलर यांची बाजू मांडत आले आहेत. ते निवृत्त अभियंते आहेत आणि त्यांचे वाचन माझ्याहून कमी नाही. त्यांचे उत्तर हाताने लिहिलेल्या पानांवर आले. त्यांचा मुख्य मुद्दा असा : ‘यदृच्छ आकड्यांतून लाट निघते हे मान्य. पण आपल्या लाटेचे शिखर दर वेळी वेगळ्या दिशेला जाते. मिलर यांचे शिखर नाक्षत्र वेळेनुसार, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या वेळेनुसार, फिरत होते. सूर्याच्या उष्णतेने ते सौर वेळेनुसार फिरायला हवे होते. आपण याचे उत्तर दिलेले नाही.’

आक्षेप योग्य आहे आणि तो आल्यामुळे एक नवे प्रकरण लिहावे लागले. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवलेले मोरिस आले (Maurice Allais) हेही आयुष्याच्या उत्तरार्धात याच मुद्द्यावर ठाम होते.

त्याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग शँकलंड यांचा. एकाच रात्री काही तास शिखर एका दिशेला टिकून राहणे हे निव्वळ यदृच्छेने होत नाही. झोपडीतील तापमानाचे विभाजन तासन् तास टिकते आणि सावकाश बदलते, त्यामुळे ते होते. १९५५ च्या निबंधाने दोन्ही कारणे मानली आहेत : काही भाग सांख्यिकीय चढउतार आणि काही भाग स्थानिक तापमान. एकट्या यदृच्छेवर सगळे ढकलणे हा आमच्या मसुद्याचा एकांगीपणा होता आणि तो या पत्राने दूर केला. चार टप्पे चार वेगळ्या ऋतूंत, प्रत्येक टप्पा मोजक्या दिवसांचा. एवढ्या सामग्रीवर सौर आणि नाक्षत्र वेळेतील फरक ठरवायचा तर त्रुटिसीमा बारीक हव्यात, आणि त्या तशा नाहीत.

दुसरा भाग मिलर यांच्याच निबंधातून येतो आणि मला तो अधिक निर्णायक वाटतो. त्यांच्या स्वतःच्या गृहीतकानुसार वाऱ्याची दिशा दिवसभरात उत्तर दिशेच्या दोन्ही बाजूंना सारखी डोलायला हवी होती. प्रत्यक्षात ती उत्तरेपासून बाजूला सरकलेली निघाली आणि ही सरक प्रत्येक टप्प्यात वेगळी होती. वेगाचेही तसेच. निबंधाच्या अखेरीस मिलर सूर्यमालेचा निरपेक्ष वेग सेकंदाला २०८ किमी ठरवतात, पण उपकरणावर दिसतो तो सुमारे १० किमी. म्हणजे विसाव्या भागाइतकाच. या घटीचे कारण त्यांना देता आले नाही. आकाशातील दिशाही बदलली. आधी ती उत्तरेच्या कालेय तारकासमूहाकडे मानली होती, १९३३ मध्ये ती नेमकी उलट, दक्षिणेच्या डोराडो तारकासमूहाकडे गेली. वर्गावर आधारलेल्या परिणामात वारा समोरून येतो की पाठीमागून हे कळत नाही, त्यामुळे असा बदल गणिताला चालतो. पण ज्या शोधात दिशेचे टोकच अनिश्चित राहते, त्याला नाक्षत्र घड्याळाइतका नेमका म्हणणे अवघड आहे.

पत्रात एक तिसरा मुद्दा होता : विश्वातील सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाच्या (महास्फोटानंतर उरलेल्या, सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाच्या) संदर्भात सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किमी वेगाने जाते, हे आता मोजले गेले आहे, तेव्हा मिलर यांचे म्हणणे खरेच ठरले. हे मी गणित करून पाहिले. प्रारणातून दिसणारी दिशा सिंह राशीच्या बाजूची आहे. तिचा आणि मिलर यांच्या डोराडोतील बिंदूचा कोन सुमारे ८५ अंश येतो, जवळजवळ काटकोन. टोक उलटे घेतले तरी ९५ अंश. दोन दिशांनी एकमेकींना याहून कमी दुजोरा देणे भूमितीला शक्य नाही. शिवाय प्रारणाच्या संदर्भातील वेग हा एका विशिष्ट वस्तूच्या संदर्भातील वेग आहे. बंद खोलीत पट्ट्या सरकवण्याची अपेक्षा तो करत नाही.

धातूच्या बंद पेटीत ईथर शिरत नाही, म्हणून केनेडी आणि इतरांना तो दिसला नाही, असेही त्यांनी लिहिले आहे. याला मी एकच वाक्य दिले : डोंगर, झोपडी आणि हवा यांतून वाहणारा ईथर पत्र्याशी येऊन थांबतो असे मानायचे असेल, तर किती जाडीचा पत्रा त्याला किती अडवतो हे आधी सांगून मग प्रयोग करावा.

१३ ऑक्टोबर २०२४

१९२० च्या बर्लिनचे काय करायचे, यावर आज चर्चा झाली. २४ ऑगस्ट १९२० रोजी बर्लिनच्या फिलहार्मोनी सभागृहात पाउल वायलांट यांनी भरवलेली सापेक्षताविरोधी सभा, तिला आइन्स्टाइन यांनी वर्तमानपत्रातून दिलेले तिखट उत्तर, सप्टेंबरात बाड नाउहाइम येथे नोबेलविजेते फिलिप लेनार्ड यांच्याशी झालेली खडाजंगी आणि लेनार्ड यांचा पुढचा नाझी प्रवास, हा भाग वाचकाला गुंगवणारा आहे. त्याचसाठी तो कमी ठेवायचा असे माझे म्हणणे. त्या विरोधामागे ज्यूद्वेष होता हे सांगितलेच पाहिजे, परंतु ते मिलर यांच्या प्रकरणात मिसळले, तर वाचकाला वाटेल की विरोधकांचा हेतू वाईट दाखवला म्हणजे त्यांचा आकडाही खोटा ठरतो. अर्धे पान मंजूर झाले.

डॉ. जयंत नारळीकर यांचा उल्लेख करावा की नाही, हाही प्रश्न निघाला. महास्फोटाच्या सिद्धान्ताला त्यांनी आयुष्यभर पर्याय मांडला, मग ते कोणत्या रांगेत, असे एका सभासदाने विचारले. स्थिर-स्थिती (विश्वाला आरंभ नाही असे मानणारा सिद्धान्त) आणि पुढे हॉइल व बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर मांडलेली अर्ध-स्थिर-स्थिती ही रूपे सामान्य सापेक्षतेच्या गणितात राहून, निरीक्षणांनी तपासता येतील अशा भाकितांसह मांडलेली होती. फलज्योतिषाचा दावा आला, तेव्हा त्याच नारळीकरांनी महाराष्ट्रात जन्मपत्रिकांची सांख्यिकीय चाचणी घेतली आणि तिचा निकाल प्रसिद्ध केला. अल्पमतात असणे आणि तपासणी टाळणे यांतला फरक दाखवायला हे उदाहरण चांगले आहे, पण ते मिलर यांच्या पुस्तिकेत बसत नाही. वगळले.

२७ ऑक्टोबर २०२४

आधुनिक मोजमापांचे पान. मिलर यांचा १० किमीचा वारा खरा असता, तर वेगवेगळ्या दिशांतील प्रकाशवेगात सुमारे दोन अब्जांत एक भाग एवढा फरक असता. १९७९ मध्ये ब्रिये आणि हॉल यांनी लेसरने केलेल्या प्रयोगाने ही मर्यादा फार खाली नेली आणि २००९ मध्ये जर्मनीतील दोन गटांनी फिरत्या प्रकाशीय अनुनादकांवरून (ज्यांत आरशांमध्ये प्रकाश मागेपुढे खेळता ठेवतात) ती एकावर सतरा शून्यांत एक भाग या पातळीला आणली. म्हणजे मिलर यांच्या परिणामापेक्षा कोट्यवधी पटींनी लहान परिणामही आज दिसला असता.

याच पानावर एका सहकाऱ्याने नेहमीचे वाक्य घातले होते : ‘सापेक्षता खोटी असती, तर जीपीएस दिवसाला ११ किमीने चुकले असते.’ ते मी बदलले. उपग्रहांवरील घड्याळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तेवढ्या वेळात प्रकाश ११ किमी जातो, हे खरे. पण सर्व उपग्रहांची घड्याळे जवळजवळ सारखीच पुढे जातात आणि ग्राहक यंत्र स्वतःच्या घड्याळाची चूक चौथ्या उपग्रहावरून काढून टाकते, त्यामुळे स्थानातील चूक थेट ११ किमी होत नाही. जाणकार विरोधकाने हे दाखवून दिले, तर आपल्या बाजूचे उरलेले खरे मुद्देही संशयित ठरतील. त्याऐवजी जीपीएसच्या पूर्वतयारीतील एनटीएस-२ या उपग्रहाची हकिकत घातली. तो १९७७ मध्ये सोडला गेला तेव्हा सापेक्षतेची दुरुस्ती खरोखर लागेल का, याबद्दल काहींना शंका होती. म्हणून दुरुस्तीची सोय बंद ठेवून घड्याळ सुमारे वीस दिवस मोजले. एक लाख कोटी भागांत ४४६·५ भाग फरक अपेक्षित होता, ४४२·५ दिसला. शंका असलेल्यांनी आधी मोजले, मग कळ चालू केली. पुस्तिकेला लागते ते असे उदाहरण.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर अंतिम मजकूर जुळवला. शीटच्या सूचना मराठीत केल्या आणि सरळ रेषेऐवजी वाचकाला आपली दुसरी कोणतीही सरक वजा करता यावी, अशी सोय केली. कोणती सरक वजा केली यावर लाटेची उंची किती बदलते, हे पाहणे उद्बोधक आहे.

निवृत्त अभियंत्यांचे शेवटचे पत्र काल आले. काटकोनाचा हिशेब त्यांनी स्वतः करून पाहिला आणि तो बरोबर असल्याचे कळवले. पेटीच्या मुद्द्यावर ते ठाम आहेत. माउंट विल्सनइतक्या उंचीवर, पातळ कापडी आडोशात, आजच्या तापमापकांसह मिलर यांचा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा कोणी का करत नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांचे हे पत्र त्यांच्या परवानगीने, नाव न देता, पुस्तिकेच्या शेवटी संपूर्ण छापायचे ठरले. खाली आमचे उत्तर चार ओळींचे राहील : असा प्रयोग व्हायला हरकत नाही; त्यात भुजांजवळच्या हवेचे तापमान सहस्रांश अंशापर्यंत नोंदवावे, वाचने डोळ्याऐवजी कॅमेऱ्याने घ्यावीत, आणि किती पट्टीच्या खालचा निकाल शून्य मानायचा हे दोन्ही पक्षांनी प्रयोगापूर्वी लिहून द्यावे. त्या मर्यादेसाठी मी ०·०१ पट्टी सुचवली आहे. त्यांचा आकडा आला की पान छपाईला जाईल.